आजोबांच्या कुस्तीचं हँडबिल

आजोबांच्या कुस्तीचं एकुलतं एक हँडबिल मी खूण म्हणून पुस्तकात घातलं आणि ते पुस्तक तसंच बांधणीला दिलं. आजोबांचं नाव जन्मात एकदाच छापून आलेलं, तेही शेवटून दुसऱ्या जोडीत. पुस्तक परत आलं, हँडबिल आलं नाही.

बांधणी करणारे मिरजेचे चाचा. कागद हातात आला की ते आधी हुंगायचे. "वाचाय डोळं लागत्यात, वळखाय नाक," म्हणायचे. बोटांना कायम खळ. चहाची बशी खाली ठेवली तरी हाताला चिकटून वर यायची. जुना कागद कधी टाकायचे नाहीत, पुठ्ठ्याला आतून अस्तर लावायचे. आता मी त्यांच्याकडे जात नाही. पण कागद मात्र हुंगतो.

हँडबिलाचं विचारलं तेव्हा म्हणाले, "माझ्याकडं न्हाई आलं. पर दुसरं कुटं तरी असंल, हुडकू की, मास्तर." आणि खरंच चार वर्षं हुडकलं. दर रविवारी सांगली, सातारा, एकदा तर पार खंडाळा. रद्दीच्या गठ्ठ्यांवर वाकून ते हुंगायचे, मी शिंकायचो. परतताना एसटीत हटकून विचारायचे, "त्ये पुस्तक वाचलं का?" मी पडलो मराठीचा मास्तर. म्हणायचो, "कधीच संपवलं."

कडेगावला वडील, आमचे अण्णा, अंथरुणाला खिळलेले. गेलो की पहिला प्रश्न, "घावलं का रं? बापाचं नाव एकदा बघू दे." मागच्या वर्षी ते गेले. न बघताच.

दिवसकार्यानंतर कपाट आवरताना ते पुस्तक हातातून पडलं आणि मागून उघडलं. शेवटच्या पानासमोर, पुठ्ठ्याच्या आतल्या अंगाला, नीट चिकटवलेलं हँडबिल. चोराने नेलं असतं तर इतकं लागलं नसतं.

तसाच मिरजेला गेलो. पुस्तक चाचांपुढे उघडून ठेवलं. या वेळी त्यांनी कागद हुंगला नाही.

"आवं, तवा हुंगलं, वाचलं न्हाई. अस्तराला घातलं. वाळल्यावर तुमच्या आज्याचं नाव दिसलं. उचकटलं असतं तर चिंध्या झाल्या असत्या. दुसरं घावंल म्हणून हिंडलो."

"चिकटलेलं का असेना चाचा, अण्णांनी बघितलं असतं. चार वर्षं शेजारी बसून खोटं बोललात."

त्यांनी खळीचा हात लुंगीला पुसला.

"बोललो. दर ऐतवारी वाटायचं, आज मास्तर शेवटचं पान उलटतील अन् मला शिव्या घालतील. म्हणून तर इचारत हुतो. माझं खोटं कळाय तुमाला चार वरसं लागली, मास्तर. तुमचं मला पयल्याच ऐतवारी कळलं."