डोलीचा बांबू

बुधीला कुणी ‘बिचारी म्हातारी’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. बिचारी ती कधीच नव्हती. हट्टी होती, तोंडाची फटकळ होती, आणि एकदा तिने आमच्या अख्ख्या पाड्याला गप्प बसवलं होतं. जव्हारला राजाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट.

आमचा पाडा मोखाड्याच्या पलीकडे. बुधीच्या घरात मुलगा सावळा आणि सून माघी. माघ महिन्यात राबासाठी झाडांच्या फांद्या तोडून शेतात पसरायचं काम चाललं होतं. पुढे त्या जाळून तिथेच नागलीचं रोप टाकायचं. डोक्यावर फांद्यांचा भारा घेऊन उतारावरून येताना माघी घसरली आणि तोडलेल्या झुडपाचा खुंट तिच्या मांडीत घुसला. पंधरा दिवस पाला बांधून झाला. मांडी सुजून भोपळ्याएवढी झाली, ताप हटेना. शेवटी बुधीनेच घोंगडी बांबूला बांधून डोली करायला लावली, आणि चार माणसांनी आळीपाळीने खांदा देत माघीला जव्हारच्या दवाखान्यात पोचवलं.

डॉक्टरांनी जखम चिरली, पू काढला आणि खरं होतं ते सांगितलं. महिनोन् महिने लागतील, आणि एवढं करूनही बाई वाचेल असं नाही. डोलीवाले परत निघाले तेव्हा बांबू भिंतीला टेकवून गेले. कंपाउंडर बुधीला म्हणाला की बांबू जपून ठेव, परत न्यायला लागेल. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, पण बुधीला ते फार झोंबलं.

आवारातल्या आंब्याखाली तिने तीन दगडांची चूल मांडली आणि तिथेच राहिली. सकाळी पट्ट्या उकळून धुवायच्या, मग जखम साफ होताना माघीचे हात धरून बसायचं. माघी कळवळून तिला शिव्या द्यायची. म्हातारी तितक्याच परत द्यायची आणि नंतर तिला नागलीची आंबील भरवायची. वैशाखात माघीच्या अंगावर फक्त कातडी राहिली. मला घरी ने, घरीच मरू दे, असं ती म्हणाली, तेव्हा बुधी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. भरवत मात्र राहिली. तिसऱ्या दिवशी आंब्यामागे जाऊन ती एकटीच रडली, हे माघीला फार उशिरा कळलं.

आषाढात, लावणीच्या तोंडावर, सावळा तीन माणसं घेऊन आला. पाड्याने ठरवलं होतं की माघीला घरी आणायचं, तिचं काय व्हायचं ते घरी होईल. लावणीला हात हवेत म्हणून सावळ्यासाठी रुपी नावाची मुलगीही बघून ठेवली होती. सावळा वाईट नव्हता, थकला होता. पण सून अजून जिवंत असताना दुसरी बघायची, याला मी तरी शहाणपण म्हणणार नाही.

बुधीने सगळं ऐकून घेतलं. दमून आलात, आधी खा, म्हणाली. पाऊस थांबला होता. तिने चूल पेटवली, पेज शिजवली, चौघांना पोटभर वाढली. हात धुतल्यावर सावळ्याने डोलीचा बांबू कुठे आहे म्हणून विचारलं.

“पेज कशावर शिजली?” बुधी म्हणाली.

चुलीत बांबूचं शेवटचं कांडं जळत होतं. बरोबरचा पुंजा हसला आणि म्हणाला, या मुलखात बांबूला काय तोटा, दुसरा तोडू.

“तोड. तोही जाळीन.” मग ती सावळ्याकडे वळली. “तुझी बहीण गोदा तापात पडली, तेव्हा सगळे म्हणाले, नको नेऊस, वाचायची नाय. मी ऐकलं. पोर घरात मेली माझी. आता नाय ऐकायची. ही डोलीत आली, पायांनी जाईल.”

सावळा चुलीपासून उठला. मग आत जाऊन माघीपाशी बसला, आणि दुसऱ्या दिवशी तिला न घेताच परतला. त्या वर्षीची लावणी त्याने एकट्याने केली. निम्मं शेत पडीक राहिलं. रुपीकडे निरोप मात्र गेला नाही.

दिवाळीनंतर जखम भरली. पाय आखडला तो आखडलाच. जव्हारहून पाड्यापर्यंतची एका दिवसाची वाट माघीने काठी टेकत चार दिवसांत कापली. वाटेत सावळ्याने पाठीवर घ्यायची तयारी दाखवली, तर दोघींनी मिळून त्याला झापलं.

त्यानंतर बुधी अकरा वर्षं जगली. ती गेली तेव्हा तिरडी उचलायला पुरुष पुढे झाले आणि माघीही लंगडत पुढे आली. बाईमाणूस खांदा देत नाही, असं म्हाताऱ्यांनी सांगून बघितलं. तिने पदर खोचला, पुंजाला बाजूला केलं आणि त्याच्या जागी बांबूखाली खांदा घातला.

“हिचा बांबू मीच नेणार,” ती म्हणाली.

तिच्या आखडलेल्या पायामुळे तिरडी पावलागणिक एका अंगाला कलत होती. मसणवटीपर्यंत तिने खांदा बदलू दिला नाही.