पडद्यामागची धार

धार काढण्याआधी आबा रिकामी चरवी पालथी करायचे, तळावर दोन टपल्या मारायचे आणि आम्हा गिऱ्हाइकांकडे रोखून बघत म्हणायचे, "बघा की नीट. मागनं पाणी हाय म्हणायचं न्हाय." आम्ही बघायचो. मग ते हात पुढे करायचे. "आता तुमचंबी दाखवा." आम्हीच पातेल्याच्या तळाशी पाणी ठेवून येऊ आणि बोल त्यांना लावू, असा त्यांचा पक्का संशय. मग आमचीही पातेली गोठ्याच्या दारात पालथी व्हायची.

आमची पेठही काही भोळी नाही म्हणा. कोल्हापुरात डोळ्यांदेखत काढलेलं दूध तेवढं दूध, बाकी सगळं पांढरं पाणी. त्यामुळे आबांचं आणि आमचं छान जमायचं.

पंचगंगेवर म्हशी धुवायला न्यायच्या वयापासून त्यांचा जन्म जनावरांत गेला. एके काळी दावण भरलेली होती म्हणे. मी पाहिली ती एकटी चंद्री. आबा राखण करायचे आणि धार काढायच्या काकू, म्हणजे त्यांची बायको. चंद्री दुसऱ्या कुणाला आचळाला हात लावू द्यायची नाही. "ये माझी बाय, सोड की गं," असं काकू म्हणाल्या की लगेच पान्हा सोडायची.

आबांचा विश्वास नक्की कशावर होता, हे मला कधीच कळलं नाही. मुलगा वारणानगरला दुधाच्या कारखान्यात नोकरीला. एकदा कौतुकाने पाकिटातलं दूध घेऊन आला, तर आबांनी पाकीट उजेडात धरून फिरवलं. "ह्या म्हशीचं नाव काय?"

"आबा, हजार म्हशींचं दूध असतंय ते."

"मंजी बेवारशी!"

मुलीच्या लग्नाचं ठरत होतं तेव्हा पावण्यांनी घर दाखवलं, शेत दाखवलं, नवी मोटरसायकल दाखवली. आबा सरळ त्यांच्या गोठ्यात गेले आणि नवऱ्यामुलाला म्हणाले, "जरा हात वर कर बघू." त्याने हात वर केला. म्हैस निवांत रवंथ करत राहिली. तेव्हा कुठे आबा चहा प्यायले. "हात उचलल्यावर जनावर दचाकलं असतं, तर पोरगी दिली नसती," हे त्यांनी मला नंतर सांगितलं. मी बाई माणूस; ते ऐकून त्यांच्या सगळ्या संशयाबद्दल मला एकदम माया वाटली.

काकू आजारी पडल्या तेव्हा आबांनी डॉक्टरांवरही संशय घेतला. गोळ्या हुंगून बघायचे, रिपोर्ट उलटसुलट करायचे. डॉक्टर खरंच सांगत होते. त्याच पावसाळ्यात काकू गेल्या.

दिवसकार्य झालं आणि गोठ्याच्या दारात पोत्याचा पडदा लागला. "हितं थांबा," असं म्हणून आबा आत जायचे आणि भरलेली चरवी घेऊन बाहेर यायचे. पेठेच्या कपाळावर आठ्या! जन्मभर 'बघा की' म्हणणारा माणूस पडदा लावतोच कसा? माझ्या नवऱ्याने नखावर थेंब घेऊन बघितला. मीही गॅलरीतून मान वाकडी करकरून बघायची. पोत्याखाली फक्त त्यांची पावलं दिसायची.

मुलगा तर टपलेलाच होता. "गिऱ्हाईक तुटलं की म्हस विकू, आणि तुम्ही माझ्याकडं चला," असं तो सगळ्यांसमोर म्हणाला होता. म्हणजे आम्ही चार घरांनी पाठ फिरवली की चंद्री जाणार आणि पेठेतून आबाही जाणार. हे आम्हाला ठाऊक होतं. तरी एका सकाळी शेजारच्या वहिनींनी पदर खोचला.

"आबा, पडदा काढा. न्हायतर उद्यापासनं आम्ही पाकीट आणणार."

आबांनी डोळे बारीक केले. "तुला माझ्या पोरानं शिकवलं व्हय?"

"कुणी शिकवाय कशाला पाहिजे? आम्हाला दिसतंय की."

आबांनी रिकामी चरवी उचलली. मग आत गेले. जरा वेळाने आतूनच पोतं ओढलं आणि पडदा खाली पडला.

आबा काकूंचं हिरवं लुगडं नेसून बसले होते. नेसले कसले, धोतरावरून गुंडाळलं होतं. डोक्यावर पदर, पदराखाली पांढऱ्या मिशा. चंद्रीने मान वळवून त्यांना हुंगलं. "ये माझी बाय, सोड की गं," आबा आवाज बारीक करून म्हणाले. ती सोडेना. त्यांनी पुन्हा म्हटलं, पुन्हा म्हटलं. शेवटी चरवीत धार वाजली.

"कोण हसलं?" आमच्याकडे पाठ करूनच त्यांनी विचारलं.

कुणीच हसलं नव्हतं. वहिनींनी डोळ्याला पदर लावला होता आणि मला तर समोरचं नीट दिसतही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून पेठेतल्या एकाही घराने दूध तोडलं नाही. आबा शेवटपर्यंत इथेच राहिले, चंद्रीही राहिली. ते गेल्यावर मुलाने तिला वारणानगरला नेलं. गोठ्याच्या जागी आता कुणाची तरी चारचाकी उभी असते. तिथून जाताना मला आबा त्याच सकाळचे दिसतात.

दूध वाटून झालं होतं. वहिनी अजून ओशाळलेल्या होत्या. लुगड्याचा काठ शेणाने भरलेला बघून त्या पुढे झाल्या. "आबा, द्या इकडं. धुऊन, वाळवून आणून देते."

आबा दोन पावलं मागे सरले. पदर दोन्ही मुठींत घट्ट धरला.

"धुऊ नगं, पोरी. वास जाईल."

आबांनी तोंड फिरवलं आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "चंद्रीला लागतोय."