मागे सरकत रोवणारे

दिवाकर गेल्याचं त्याच्या मुलाने, नितीनने, फोनवर सांगितलं. "काका, बाबा गेले." दुसरा फोन आठ दिवसांनी आला. शोकसभेतल्या मंडळींनी दिवाकरच्या लेखनाची स्मृतिपुस्तिका काढायचं ठरवलं होतं. बापाच्या मजुरीवरची त्याची एकुलती एक कथा, चार कविता आणि माझा लेख. "आणि 'पऱ्हे'चे पाच भाग?" मी विचारलं. नितीन अडखळला. "थे नोको म्हणून राहिले काका. आपल्या माणसानं भुताखेताचं लिहिलं, हे लोकायले कायले दाखवाचं म्हणतात." त्या मंडळींना हवा होता तो लेख मी दिला नाही. मला हवा तो इथे लिहितो आहे.

भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला, दारूगोळ्याच्या कारखान्याच्या वसाहतीत, आमची क्वार्टर्स भिंतीला भिंत लागून होती. मी एकोडीच्या धानकऱ्याचा मुलगा, तो क्वार्टरातच वाढलेला; त्याच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि वडील कारखान्यात लागले. गोंदिया वेगळा होऊन भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, त्यानंतरच्या एका दिवाळी अंकात त्याच्या 'पऱ्हे' या कथेचा पहिला भाग आला. आटलेल्या तलावाच्या तळाशी आभाळापलीकडचं काहीतरी उतरलंय आणि त्याच्या लेखी माणसं म्हणजे पऱ्हे, रोवणीची धानाची रोपं. ते गावंच्या गावं मुळासकट उपटतं, जुड्या बांधतं आणि परक्या चिखलात ओळीने रोवतं. रोवलेली माणसं मरत नाहीत. गुडघाभर चिखलात उघड्या डोळ्यांनी उभी राहतात आणि वाढतात. पहिले दोन भाग त्याने मला व्हरांड्यात बसून वाचून दाखवले आणि पुढे कितीतरी दिवस मला आमच्या बांधीत, धानाच्या खाचरात, पाय टाकवेना.

हे असलं कशाला लिहितोस, असं मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "सारे म्हणतात, भोगलं थे लिही. भोगलं थे मले माहीत आहे गजू. मले ज्याचं भेव वाटते, थे लिहाचं आहे."

तिसरा भाग त्याने कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर वाचला. त्यात ते तळ्यातलं काहीतरी माणसं रोवत रोवत पुढे चालत येतं. मला हसू आवरलं नाही. "अरे क्वार्टरातल्या माणसा, रोवणारा मागं मागं सरकते! पुढं गेला तं आपलंच रोवलेलं तुडवन!" सगळं टेबल खदखदलं. मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण हसणाऱ्यांच्या जोरावर मी वर म्हणालो, "बंद कर हे भुताचं. काही खरं लिही." त्याने वही मिटली. पुढे कित्येक दिवस तो दिसला की कोणीतरी ओरडायचं, "पुढं चाल रे दिवाकर!" त्याने मला पुन्हा काही वाचून दाखवलं नाही. मीही हट्टाने छापलेला तिसरा भाग वाचला नाही, तीन वर्षांनी आलेला चौथाही नाही. भिंतीपलीकडच्या माणसाशी सहा वर्षं मी पाणी आलं का आणि ड्युटी कोणती, एवढंच बोललो.

मग माझी माय गेली. त्या दिवाळीत दिवाकरने अंक माझ्या दाराच्या कडीत खोचून ठेवला. पाचवा भाग. मधलं काही ठाऊक नसताना मी उभ्या उभ्याच वाचायला लागलो. आता ते काहीतरी मागे मागे सरकत येत होतं, नजर आपण रोवलेल्या ओळींवर ठेवून. त्याच्या पाठीमागे धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, एक म्हातारी विळा घेऊन उभी. लोक ओरडतात, बुढे, पळ! ती म्हणते, "मी काहून पळू? थे पाठीनं येऊन राहिलं. त्याले मी दिसत नाही, मले थे दिसते."

तो माझ्या मायचा आवाज होता. तिचा रागही तोच. मी रडतच शेजारी गेलो.

"माझी माय तुले कुठं भेटली?"

"एकोडीले, तुमच्याच बांधीत," दिवाकर म्हणाला. "दोन सालं रोवण्याले गेलो, सुट्टी टाकून. कंबर मोडली माझी. तुले सांगू नोको म्हणे. म्हणे, त्याले हासू दे बाबू, तू शिक."

त्याच आठवड्यात मी चौथा भाग वाचला, मग तिसरा. छापलेल्या तिसऱ्या भागात ते काहीतरी अजून पुढेच चालत होतं. चूक त्याने झाकली नव्हती. पाचव्यात ते मागे का सरकू लागलं याचं कारण त्याने चौथ्यात घातलं होतं. आपलंच पीक तुडवून ते शहाणं झालं होतं. अशी मेहनत मी कोणत्याही 'खऱ्या' लेखकात पाहिलेली नाही.

शोकसभेत एक वक्ते म्हणाले की दिवाकरने वास्तवाकडे पाठ फिरवली. मी खुर्चीतून उठून बोललो, इथे पुन्हा बोलतो. ज्या जिल्ह्यात धरणासाठी गावं उठवून दुसऱ्या मातीत ओळीने बसवली, तिथे बसून ह्या माणसाने 'पऱ्हे' लिहिलं. कोणी दुःख कोणत्या रूपात लिहावं हे ठरवून देणारे तुम्ही कोण? हाच शहाणपणा मी कॅन्टीनमध्ये केला आणि सहा वर्षं गमावली. मला त्याची लाज वाटते. तुम्हालाही वाटावी.

परवा नितीन सहाव्या भागाची वही देऊन गेला. पुठ्ठ्यावर त्याच्या अंगठ्याचा वाळलेल्या चिखलाचा ठसा आहे, एकोडीच्या बांधीतल्या चिखलाचा. आत एकच ओळ आहे: 'म्हातारी धुऱ्यावरून हटली नाही.' पुस्तिका निघेल तर पाच भाग आणि ही ओळ धरून निघेल, असं मी मंडळींना कळवलं आहे, आणि नितीन माझ्या बाजूने आहे. ज्यांना हे वगळायचं असेल त्यांनी खुशाल घरी यावं. वही टेबलावर आहे आणि मी दाराकडे तोंड करून बसलो आहे.