केसांखालचं बकरम

सिंदेवाहीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. शाळेचे गणवेश, ब्लाउज, पंजाबी ड्रेस. माझं माप चुकत नाही, असं बाया एकमेकींना सांगतात, आणि मला ते ऐकायला आवडायचं. आता कुणी तसं म्हटलं की मी सुईत दोरा ओवायला घेते.

मुलीला पोलीस व्हायचं होतं. विशीतली पोर, पहाटे धानाच्या बांध्यांमधल्या डांबरी रस्त्यावर धावायची, गोळा फेकायची, लेखीचा अभ्यास करायची. धावण्यात तिच्यासोबतच्या सगळ्या मुली तिच्या मागे. अडचण एकच, उंची. दुकान बंद केल्यावर मी तिला भिंतीशी उभं करायची, डोक्यावर लाकडी पट्टी आडवी धरायची आणि टेप लावायची. रोज तेच. भरतीला लागते त्यापेक्षा करंगळीच्या नखाएवढी कमी.

मी हातावर हात धरून बसणारी बाई नाही. दूध वाढवलं, अंडी सुरू केली, मेडिकलमधून उंची वाढवणारी पावडर आणली. मागच्या आवारात चिंचेच्या फांदीला लोखंडी पाइप बांधला आणि तिला लोंबकळायला लावलं. शेजारची काकू कुंपणावरून म्हणाली, "पोरीले वटवाघूळ करून राह्यली का बाई?" मुलगी लोंबकळत हसली. मला हसू आलं नाही.

फरक पडेना तेव्हा तिला चंद्रपूरला हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मनगटाचा एक्स-रे काढला आणि तो उजेडाच्या पेटीवर लावून दाखवला. वाढत्या वयात हाडाच्या टोकाजवळ कुर्चेची एक पट्टी असते, म्हणाल्या. तिथे नवी कुर्चा तयार होत जाते, मागची हळूहळू हाड बनते, आणि हाड लांब होतं. मुलगी वयात आली की काही वर्षांत ती पट्टीच हाडाची होऊन जाते. मग दूध प्या की लोंबकळा, लांबी वाढत नाही. माझ्या डोळ्यांपुढे शाळेचे गणवेश आले. पोर वाढेल म्हणून आम्ही स्कर्टला खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेवतो आणि दरवर्षी थोडं उसवतो. मुलीचं सगळं उसवून झालं होतं.

"पण हाड मजबूत होणं अजून चालू आहे," बाई मुलीला म्हणाल्या. "तिशीपर्यंत साठवून घे. धावणं, वजन उचलणं, दूध, नाचणी, डाळी. आणि ऊन."

मग त्या माझ्याकडे वळल्या. पाळी बंद होऊन किती झालं, विचारलं. दिवसभर काय करता, विचारलं. मी म्हटलं, मशीनवर बसते.

"उन्हात जाता का?"

"इथी उन्हाची काय कमी मॅडम. लोक मरून राह्यले उन्हानं."

"तुमच्या अंगावर किती पडतं ते विचारते."

दुकानाला पडदा, डोक्याला स्कार्फ, हातात मोजे. चंद्रपूरच्या उन्हात दुसरं कोण काय करणार? त्यांनी मला उंची मोजायच्या दांडीखाली उभं केलं. मी सांगितलेल्या उंचीपेक्षा खरी कमी भरली. हाड म्हणजे सुकलेलं लाकूड नव्हे, त्या म्हणाल्या, जुनं झिजवून नवं भरायचं काम शरीर जन्मभर करतं. पाळी गेली की झीज जास्त आणि भर कमी. मणकेही खचतात. पुढे हेही म्हणाल्या, "त्यातून आत्ता दुपार आहे. मणक्यांमधल्या गाद्या दिवसभर दबत जातात. सकाळी उठल्याबरोबर कुणीही थोडं उंच असतं. संध्याकाळी मोजलंत तर याहून कमी भराल."

मुलगी म्हणाली, "आई, ऐकून घे." मी मान हलवली. माझं सगळं लक्ष त्या काळ्या फिल्मवर होतं. माझ्या हाडांचं बघायला मी तिथे गेले नव्हते.

घरी येऊन मी ठरवून टाकलं. कॉलरला घालतो ते कडक बकरम घेतलं, टाळूच्या आकाराचे तुकडे कापले, थर लावून शिवले आणि वरून काळं सुती कापड चढवलं. कडा इतक्या साफ घेतल्या की बोट फिरवलं तरी कळू नये. भरतीच्या दिवशी अंधारातच तिच्या केसांखाली ते बसवलं, वर घट्ट वेणी घातली.

"आई, नको ना. पकडतील."

"चूप बस. नखभर तं कमी हाये. कोणाले समजते?"

"मले समजते ना."

मी वेणीला रबर लावलं.

पालकांना फाटकाबाहेर उभं केलं होतं. ऊन चढायच्या आत ती बाहेर आली. केस मोकळे सुटलेले, बकरम हातात. आजूबाजूला मुलींचे आईबाप, भाऊ. सगळ्यांनी पाहिलं. ती माझ्याकडे न बघता बस स्टँडच्या दिशेने चालू लागली, मी मागे.

बसमध्ये तिने सांगितलं. मोजणाऱ्या बाईने दांडी डोक्यावर टेकवली, पण खालच्या कडक बकरममुळे ती किंचित वर उसळली. बाईने वेणी सोडायला लावली. रांगेसमोर ते काढून उलटंपालटं केलं आणि म्हणाली, "शिवण तं मस्त हाये. कोण टेलर?" मुली हसल्या. माझी मुलगी म्हणाली, मीच शिवलं.

"मग?" मी विचारलं.

"मग पुन्हा मोजलं. नुसत्या डोक्यानं." ती खिडकीबाहेर बघत होती. "भरली. बरोबर भरली. पन फसवलं म्हनून बाद केलं."

मी दर वेळी तिला संध्याकाळी मोजलं होतं. पहाटे धावून, दिवसभर बसून अभ्यास करून ती दबलेली असायची तेव्हा. डॉक्टरीणबाईंनी मला हे तोंडावर सांगितलं होतं. माप घेणं हा माझा धंदा.

दुसऱ्या दिवशी तिने पार्लरमध्ये जाऊन केस कापून टाकले, अगदी मुलासारखे बारीक. पुढच्या भरतीला कुणाला संशयच यायला नको, म्हणाली. पहाटे उठल्या उठल्या ती आता स्वतःच भिंतीशी उभी राहते. मी पट्टी धरते, तिच्या उघड्या डोक्यावर टेकवते, आकडा सांगते. मग ती धावायला जाते आणि मी तिच्या मागे हळूहळू चालते, स्कार्फ न बांधता. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्याही घेते. मुलीने सांगितलं म्हणून.

परवा एक शिक्षिका ब्लाउजचं माप द्यायला आली. "पोरीचे केस काऊन कापले हो?"

"उकडते ना," मी म्हटलं.

मुलगी आत बटणांची काजं करत होती. तिथूनच म्हणाली, "आईनं माह्या डोक्यात बकरम शिवलं होतं, मॅडम."

शिक्षिका खूप हसली. तिला ती गंमत वाटली. मी खाली बघून खडूने बाहीची खूण करत राहिले, आणि मग तीच खूण पुसून पुन्हा केली.