उकळून प्यायचं पाणी

"आपला देश कधी स्वच्छ होईल का हो?" असं कुणी विचारलं की मी विषय बदलतो. रसायनशास्त्र शिकलेला माणूस म्हणून मला उत्तर ठाऊक असेल असं लोकांना वाटतं. मला आठवते माझी आत्या.

नव्वदच्या दशकात मी बारामतीत राहायचो आणि एका डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत नोकरी करायचो. तिथलं मळीचं पाणी रात्रंदिवस ओढ्यात सुटायचं. तपासणीचे साहेब येणार असं कळलं की आदल्या दिवशी ओढ्यात कालव्याचं पाणी सोडायचं, ही आमची रीतच होती. दुसऱ्या दिवशी नितळ पाण्याची बाटली भरायला वाकायचो तो मीच. साहेब खूश, आम्हीही खूश. तेव्हा मला त्यात हुशारीच वाटायची.

त्याच ओढ्याच्या खालच्या अंगाला, इंदापूर तालुक्यात, आत्याचं शेत आणि विहीर. एकदा ती स्वतःच बाटली भरून घेऊन एसटीनं बारामतीला आली.

"बघ की रं जरा. रंग च्यासारखा झालाय. डाळ शिजंना झालीया. प्यावं का नगं, तेवढं सांग."

मी तपासलं. ते पाणी जनावराला पाजायच्याही लायकीचं नव्हतं. पण तसं सांगितलं असतं तर ती गावभर बोलली असती, आणि बोट माझ्या नोकरीकडं आलं असतं. मी म्हणालो, "काय न्हाय आत्या, उकळून पीत जा."

उकळल्यावर पाणी आटतं, त्यातले क्षार तेवढेच राहतात. हे मला शाळेपासून ठाऊक होतं. आजही स्वतःची लाज वाटते.

आत्यानं माझा शब्द देवाचा मानला. रोज पहाटे चुलीवर मोठं पातेलं चढवायची, पाणी फडक्यानं गाळायची आणि आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची, "आमच्या भाच्यानं सांगितलंय, त्यो तपासणीतला हाय."

पुढं दोनेक वर्षांनी तिच्याकडं गेलो. तिनं तांब्या पुढं केला. मी म्हणालो, "नको, आत्ताच चहा झालाय." उन्हातून चालून आलो होतो, घसा कोरडा पडला होता.

"उकळलेलं हाय रं," ती म्हणाली. "तूच सांगितलंस न्हवं?"

मी मान खाली घातली. माझ्या पिशवीतून बारामतीहून आणलेली पाण्याची बाटली डोकावत होती. आत्यानं ती पाहिली. शेजारी तिची नात बसून फुलपात्रातलं पाणी पीत होती. आत्यानं ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"तुझ्या बाटलीतलं दे हिला," एवढंच म्हणाली.