बापाच्या गळ्यातला टाय

माझा बाप चालताना मी पहिल्यांदा पाहिला तो मास्तरांच्या टीव्हीत. मी तेव्हा तिसरीत होते, आणि बाप तर मी रांगत असतानाच गेला होता.

केदारखेड्याजवळच्या आमच्या गावात तेव्हा तेवढा एकच टीव्ही. रविवारच्या सिनेमाला मास्तरांच्या ओसरीवर मुंगीला शिरायला जागा नसायची. त्या दिवशी पडद्यावर एक मोटार थांबली, कोटातला एक माणूस उतरला आणि आमच्याकडं बघत त्यानं सिगारेट पेटवली. सगळी ओसरी गप्प झाली. शेजारी बसलेल्या माझ्या काकूनं झटकन पदर डोक्यावर ओढला आणि मान खाली घातली. थोरले दीर जिवंत होते तेव्हा ती त्यांच्यासमोर अशीच बसायची.

चेहऱ्यात तीळभर फरक नव्हता. घरी भिंतीवरच्या ज्या फोटोच्या पाया पडून मी रोज शाळेत जायचे, तोच हा माणूस. फक्त टोपी आणि कपाळावरचं गंध नव्हतं.

मी धावत घरी आले. आई भाकरी थापत होती. विधवेनं गर्दीत बसून सिनेमा बघायचा नाही, असा तिचा तिनंच केलेला कायदा होता.

"आई, बाबा टीव्हीत आलेत. काकूनं पदर घेतला त्यांना बघून."

आईचा हात थांबला. तिनं मला खुळ्यात काढलं नाही, रागावली नाही. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी ती हलली नाही. मग तिनं हळूच विचारलं, "चांगले दिसून राह्यलेत का?"

त्या प्रश्नाची मला जी भीती वाटली, ती अजून पुरती गेलेली नाही.

भाऊबीजेला मामा आला तेव्हा मी त्याला गोठ्यात गाठलं आणि टीव्हीतल्या बाबांचं विचारलं. पहिल्यांदा तो हसला, मग स्वयंपाकघराकडं बघून त्यानं आवाज खाली आणला. बाप विहिरीतला गाळ काढायला उतरला होता, वरून दरड कोसळली. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते पुढचं. बापानं जन्मात एकही फोटो काढलेला नव्हता. तेराव्याला पाटावर काय ठेवायचं, म्हणून मामाला भोकरदनला फोटोवाल्याकडं धाडलं.

"फोटोवाला इचारतो, नाक कसं, डोळे कसे. आता दाजीचं नाक मी कशाला मोजायला गेल्तो? त्याच्या भिंतीवर सिनेमातल्या लोकायचे फोटो व्हते. एकावर बोट ठेवलं, म्हटलं, हे बराबर आमच्या दाजीवानी. त्यानं ब्रशनं केसांवर टोपी काढली, गंध लावलं, कोटावर पांढरा सदरा रंगवला. दगडापेक्षा वीट मऊ! भिंत तर रिकामी न्हाई राह्यली."

"आणि आई?"

"आक्का फोटो छातीशी धरून जी रडली! मंग मी काय बोलणार?"

मामाचा मला इतका संताप आला की जेवताना त्याच्या ताटातल्या दोन्ही करंज्या मी उचलून खाल्ल्या. पण आईला सांगायची हिंमत झाली नाही. तिला आधीपासून ठाऊक असेल, असंही वाटायचं. विचारणार कसं?

तो नट काही हिरो नव्हता. हिरोचा मोठा भाऊ, दगाबाज मित्र, इन्स्पेक्टर, वकील, असली कामं करायचा आणि बहुतेक सिनेमांत मध्यंतराच्या आसपास मरायचा. शाळेत पोरं सोमवारी मला छळायची. "तुझ्या बापाला काल पोलिसांनी धरून नेलं की गं!" मी त्यांना पाटी फेकून मारायचे. पण घरी आले की अंगावर काटा यायचा. कारण सिनेमे कसेही, मागचेपुढचे लागायचे. एका रविवारी बाप पिकल्या केसांचा, काठी टेकत चालणारा, तर पुढच्या रविवारी पोरसवदा. एकदा तो नदीत बुडून मेला, मी रात्रभर रडले, आणि लगेच पुढच्या सिनेमात वरातीत नाचत होता. मेलेला माणूस मेलेला राहतो, ही साधी गोष्ट मला फार उशिरा पटली.

आई दर रविवारी विचारायची, "आज काय घातलं व्हतं? खोकत तर नव्हते?"

मग गावाला काय झालं कोण जाणे. काका म्हणू लागले, दादा बोलताना एक भुवई अशीच वर करायचा. शेजारची म्हातारी म्हणाली, तुझा बाप सिगारेट काय झोकात ओढायचा! माझ्या बापानं जन्मभर तंबाखू खाल्लेली. त्याची चुन्याची डबी अजून घरात होती. मी ती नेऊन दाखवली तर म्हातारी म्हणाली, "ती तुझ्या आज्याची आसंल." डबीवर बापाचं नाव कोरलेलं होतं, पण म्हातारीला कुठं वाचता येत होतं. मी एकटी आरशासमोर उभी राहून भुवई उचलायचा सराव करू लागले. जमलं तेव्हा आनंद झाला आणि लगेच स्वतःचीच भीती वाटली.

पुढं आमच्याही घरी टीव्ही आला, फोटोच्या अगदी समोरच्या भिंतीला. नट आता मालिकांमध्ये दिसायचा. जज्ज झाला, आजोबा झाला, चेहऱ्यावर सुरकुत्या आल्या. आई आता समोर बसायची, पदर सावरून, आणि तिचेही केस त्याच्याबरोबरच पिकत गेले. फोटोतही बदल होत होता. ब्रशचा पांढरा रंग वर्षागणिक विरत चालला होता. आधी सदऱ्याखाली काळी सावली दिसली, मग तिचा त्रिकोण झाला, मग स्पष्ट गाठ. बापाच्या गळ्यात टाय उगवला होता. त्यानंतर टोपीखालून केसांचा भांग वर येऊ लागला. आई दर सोमवारी काच पुसायची, ते सगळं बघायची, आणि चकार शब्द काढायची नाही.

माझ्या लग्नात तो फोटो मांडवात खुर्चीवर ठेवला होता. जालन्याहून आलेल्या वऱ्हाडातल्या एका म्हाताऱ्यानं हात जोडले आणि म्हणाला, "ह्यायला कुठंतरी बघितल्यावानी वाटून राह्यलं." आमच्याकडचं कुणीही हसलं नाही.

मग काका गेले, मामा गेला, काकूला माणसं ओळखू येईनात. मला बापाचा खरा चेहरा हवा होता, आणि तो आता फक्त आईकडं उरला होता. दर खेपेला माहेरी जाताना वाटायचं, या वेळी विचारायचंच. आणि दर खेपेला तशीच परत यायचे.

एका दिवाळीनंतर मी माहेरी होते. दुपारच्या बातम्यांत सांगितलं की तो नट गेला. पडद्यावर त्याचा तरुणपणीचा फोटो आला, हार घातलेला. आमच्या भिंतीवरचाच फोटो, टोपीशिवाय. आई उठली. तिनं डोक्यावरून अंघोळ केली, चुलीतली लाकडं मागं ओढली आणि ओल्या केसांनी जमिनीवर बसून राहिली.

माझा तोल गेला. "आई, हा आपला कोण? बाबा विहिरीत गेले, तेव्हाच गेले! किती वेळा रडणार आहेस तू?" मी फोटो खिळ्यावरून काढला आणि भिंतीकडं तोंड करून ठेवला. "तुला ठाऊक होतं ना?"

"पहिल्या दिवशीच." ती शांतपणे म्हणाली. "भाऊ एवढ्या लांबून घेऊन आल्ता. त्याचं तोंड पडलं असतं."

"मग आता सांग. कसे दिसायचे ते? नाक कसं होतं?"

आईनं डोळे मिटले. "हात ध्यानात हायेत. डाव्या अंगठ्याला चीर व्हती. आवाज ध्यानात हाय. पाठमोरे चालले की बराबर दिसतात." मग तिनं डोळे उघडले. "पण वळले की हाच येतो बाई. इतकी सालं झाली, हाच येतो."

मी तिच्याजवळ बसले. मला रडू आवरेना.

तिनं माझी हनुवटी धरली आणि माझा चेहरा दाराच्या उजेडाकडं वळवला. "थांब. तू ल्हान असताना सगळे म्हणायचे, पोरगी बिलकुल बापावर गेली. तुझ्यात घावतील." तिची ओली बोटं माझ्या कपाळावरून, नाकावरून, गालांवरून फिरत राहिली. इतकी आशा मी आयुष्यात कधी धरली नव्हती.

मग तिचा हात खाली आला.

"न्हाई गं," ती म्हणाली. "तूही त्याच्यावानीच दिसून राह्यलीस."

मी उठले, फोटो पुसला आणि परत खिळ्याला लावला.