शनिवारचा चाकू

कानिफनाथला काही निवडता येत नाही, ही गोष्ट नगर जिल्ह्यात कर्जतकडच्या त्याच्या गावात कुणाला सांगावी लागत नसे. त्याच्या लग्नासाठी मुलगी बघायला गेले, चहा झाला, पान-सुपारी झाली, मुलीकडची माणसं उत्तराची वाट बघत बसली आणि हा पठ्ठ्या थोरल्या भावाच्या तोंडाकडे बघत बसला. शेवटी आसारामच म्हणाला, पोरगी पसंत हाय. अशी झुंबरबाई घरात आली. बैल घ्यायचा तर आसारामनं, बी ठेवायचं तर आसारामनं, कानिफनं मिशी राखायची की भादरायची तेही आसारामनंच ठरवायचं. कानिफ आळशी नव्हता आणि बावळटही नव्हता. नांगराचं तास सरळ काढावं तर त्यानंच. पण दोन गोष्टी समोर मांडल्या की त्याचं घोडं अडलंच. त्याला दोन्हींतलं चांगलं दिसायचं, दोन्हींतलं वाईटही दिसायचं, आणि मग त्याला दरदरून घाम फुटायचा.

नगरला आला तोसुद्धा स्वतःच्या मनानं नव्हे. मनमाड रोडला एक कारखाना उभा राहत होता, पाया खणायला माणसं हवी होती, म्हणून आसारामनं त्याला उन्हाळ्यापुरता धाडला. पाया झाला, भिंती झाल्या, यंत्रं आली, आणि कानिफला कुणी जा म्हटलं नाही म्हणून तो राहिला. पुढं पॅकिंग खात्यात लागला. झुंबरबाईला आणलं, तोफखाना भागात एक खोली भाड्यानं घेतली. शेतीच्या हंगामात महिनाभर गावी जायचं आणि परत यायचं, असं त्याचं चाललं होतं. तळ्यात की मळ्यात, हे त्याला कुणी विचारत नव्हतं तोवर सगळं बरं चाललं होतं.

एकाहत्तर सालच्या संक्रांतीला आसारामनं विचारलं. दोघं भाऊ गोठ्यात उभे होते. आसाराम म्हणाला, अर्धा गडी नगरला आणि अर्धा गडी हितं, अशानं रान पिकत नाही. यंदा काय ते एक सांग. येणार असशील तर कायमचा ये. येणार नसशील तर मी पाडव्याला सालगडी ठेवतो. नगरकडं सालगडी पाडव्याला ठरतो तो पुढच्या पाडव्यापर्यंत. घरचाच होऊन राहतो. त्याला राहायला गोठ्याशेजारची कानिफची खोली द्यावी लागणार होती, आणि कानिफची बैलजोडीही त्याच्याच हाताखाली जाणार होती. एकदा दुसऱ्याचा संसार त्या खोलीत मांडला की कानिफ आपल्याच घरी पाहुणा होणार. इकडं कारखान्यातली जागा सोडली तर ती घ्यायला दारात शंभर जण उभे. कानिफ म्हणाला, "बगतो."

नेमका त्याच सुमारास चाकूचा विषयही निघाला.

त्याचं असं झालं. पॅकिंग खात्यात खोकी बांधायची सुतळी तोडावी लागे, पत्र्याचे डबे उघडावे लागत, खोक्यांचे स्क्रू ढिले-घट्ट करावे लागत. कानिफ सुतळी दातानं तोडायचा. फोरमननं ते बघितलं आणि म्हणाला, अरे, दात पडतील, खिशात एखादं हत्यार ठेवत जा. एवढंच म्हणाला बिचारा. आपण काय करून ठेवलं याची त्याला कल्पना नव्हती.

गावी असताना कानिफला हत्याराची अडचण कधी आली नव्हती. कमरेला चंची, चंचीत अडकित्ता, चुन्याची डबी, कानकोरणं. रानात निघताना हातात विळा. जे आजोबाच्या कमरेला, तेच बापाच्या आणि तेच त्याच्या. निवडायचा प्रश्नच नव्हता. पण शहरात पॅंट आली, पॅंटला खिसा आला, आणि खिशात काय ठेवायचं हे सांगायला आजोबा नव्हते. चंची पॅंटवर शोभत नाही आणि विळा घेऊन कारखान्यात शिरलं तर पहारेकरी धरेल.

जुन्या बाजारात हातिमभाई बोहऱ्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. भिंगारच्या छावणीतला लिलावात निघालेला मालही त्यांच्याकडं असे. त्यांनी काचेच्या पेटीतून तीन चाकू काढून कानिफसमोर ठेवले. एक साधा, शिसवी मुठीचा, एकाच रुंद पात्याचा. दुसरा लाल मुठीचा, करंगळीएवढा. त्यातून कातरी निघे, कानस निघे, बाटलीचं बूच ओढायचा पिळाचा काटा निघे, आणि मुठीच्या पोटातून एक दातकोरणंसुद्धा. तिसरा फौजी. काळ्या मुठीचा, जड, एका बाजूला पातं, दुसऱ्या बाजूला डबा फोडायचा आकडा, टोकाला स्क्रू फिरवायचा पेचकस, आणि पाठीवर दाभणासारखा जाड टोच्या.

"हा कशाला?" कानिफनं टोच्यावर बोट ठेवून विचारलं. हातिमभाई म्हणाले, फौजेत असतो, कशाला ते फौजेला माहीत. पण कानिफला ते बघताक्षणी कळलं होतं. दोराची आवळलेली गाठ सोडवायला याच्यासारखं दुसरं काही नाही. पावसात भिजून फुगलेलं दावं, जुवाचं जोतं, असल्या गाठींशी झगडून त्याची नखं गेली होती. पॅकिंग खात्यात असली गाठ कुठून येणार? तिथं नवी कोरडी सुतळी. म्हणजे टोच्या गावाला हवा, पेचकस शहराला हवा, आणि दोन्ही एकाच मुठीत. कानिफला घाम फुटला. हा घ्यावा तर अर्धा चाकू फुकट जाणार, आणि कुठला अर्धा, तेच त्याला कळेना.

हातिमभाई समजुतीनं म्हणाले, "भाऊ, कापायचं काय ते सांगा. मग पातं मी सांगतो." प्रश्न अगदी सोपा होता आणि कानिफला त्याचं उत्तर येत नव्हतं. तेवढ्यात त्याला आठवलं की आज शनिवार, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. शनिवारी लोखंड घरात आणायचं नसतं. शनीचं शिंगणापूर ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. हातिमभाईंनी बोहरी असूनही मान डोलावली, कारण शनिवारी त्यांच्याकडं खिळासुद्धा खपत नसे.

आता गंमत अशी की कारखान्याची सुट्टीच शनिवारी असे. बाकीच्या दिवशी कानिफ सुटून बाजारात पोचेपर्यंत दुकानाला फळ्या लागलेल्या. तेव्हा दर शनिवारी हा दुकानात जाणार, तिन्ही चाकू उघडणार, मिटणार, वजन बघणार, खिशात घालून चार पावलं चालून बघणार, आणि शनिवार म्हणून रिकाम्या हातानं परत येणार. हातिमभाई पहिल्यांदा वैतागले, मग हसायला लागले, आणि पुढं पुढं तर गिऱ्हाईक नसलं की त्याच्यासाठी चहा मागवायला लागले. झुंबरबाई म्हणाली, मी आणते मंगळवारी जाऊन, त्यात काय मोठंसं? कानिफ म्हणाला, आणशील, पण कुठला?

त्यानं विचारायला कुणाला सोडलं नाही. शेजारी म्हणाला लाल घे, शहरात नाजूक वस्तू शोभते. कारखान्यातला जोडीदार म्हणाला फौजी घे, मरेपर्यंत टिकेल. न्हावी म्हणाला साधा घे, एक ना धड भाराभर चिंध्या कशाला? प्रत्येकाचं ऐकून कानिफला तेच खरं वाटायचं. त्यात त्याला नवनवी भीती सुचायची. लाल चाकूतलं बाटलीचं बूच काढायचं हत्यार आसारामनं बघितलं तर तो काय समजेल? साधा घेतला तर फोरमन म्हणेल, हा खेडवळ तो खेडवळच. फाल्गुन सरत आला तरी चाकू पेटीतच होता आणि आसारामला निरोप गेला नव्हता.

पाडव्याच्या आदल्या दिवशी झुंबरबाई चौकटीला लावायला कडुनिंबाचे डहाळे निवडत बसली होती. कानिफ तिला सांगत होता, की या साली पाडवा शनिवारीच आलाय, आणि मोठाच घोळ झालाय. पाडवा म्हणजे साडेतीन मुहूर्तांतला एक, त्या दिवशी काहीही घ्यावं. पण शनिवार म्हणजे लोखंड घेऊ नये. मग पाडव्याच्या शनिवारी लोखंड घ्यावं की घेऊ नये? त्यानं एका भटजींना विचारलं तर ते घ्या म्हणाले, दुसऱ्यांना विचारलं तर नको म्हणाले. झुंबरबाईनं हातातला डहाळा खाली ठेवला.

"तुमी चाकू निवडीतच न्हाई," ती म्हणाली. "जायाचं का ऱ्हायाचं, ते निवडताय. त्या दुकानदाराला उगं कशाला तरास?"

मग त्यानं विचारलं, "मग तूच सांग, जायाचं का ऱ्हायाचं?"

"इतक्या दिसांत आज इचारलं," ती म्हणाली, आणि पुन्हा डहाळे निवडायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली की नळाचं पाणी दारात येतं ते तिला आवडतं, आणि सासरच्या अंगणातली सकाळ इथं मिळत नाही तेही खरं. तिलाही दोन्ही दिसत होतं. कानिफला वाटलं होतं, ती एक काहीतरी ठाम बोलेल आणि आपण सुटू. तो सुटला नाही.

पाडव्याला गुढी उभारून होते न होते तोच आसाराम दारात हजर. पहाटेच्या गाडीनं आला होता. गावात गडी ठरायला सुरुवात झाली होती, संध्याकाळपर्यंत चांगले गडी दुसऱ्यांच्या दावणीला गेले असते. त्यानं पोळी खाल्ली, झुंबरबाईची चौकशी केली, पण येणार की नाही, ते विचारलं नाही. पोटात एक आणि ओठात दुसरं, असा तो माणूसच नव्हता. त्यामुळं त्याचं गप्प बसणं कानिफला फार जड गेलं. शेवटी काही सुचेना म्हणून त्यानं भावाला जुन्या बाजारात नेलं. त्याच्या मनात होतं की दादा चाकू बघेल, चटकन एक उचलेल, आणि त्या उचलण्यावरून आपल्याला काय ते कळेल. फौजी उचलला तर... पण फौजीत तर दोन्ही होतं. तेही त्याला धड ठरवता येईना.

हातिमभाईंनी तिन्ही चाकू मांडले. आसारामनं एकेक उघडला. टोच्या बघून त्याचे डोळे क्षणभर हसले. त्यालाही दावंच आठवलं असणार. मग त्यानं तिन्ही मिटून परत काचेवर ठेवले.

"दादा, तूच सांग," कानिफ म्हणाला. चाकूबद्दल तो बोलत नव्हता, हे तिघांनाही कळलं. हातिमभाई उठून आतल्या फळीवरचा माल लावायला गेले.

आसारामनं तोंड रस्त्याकडं वळवलं. "मला न्हाई ठावं," तो म्हणाला.

कानिफला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. उभ्या जन्मात आसारामच्या तोंडून हे वाक्य त्यानं ऐकलं नव्हतं.

"न्हाई ठावं," आसाराम पुन्हा म्हणाला. "तू आलास तर मला बरं. एकट्याला मला करमत न्हाई, हेच खरं. पर तुजं हितं बरं चाललंय, तेबी दिसतंय. झुंबरला बगायला गेलतो तवाबी मला काय कळत नव्हतं. तू माझ्या तोंडाकं बगत हुतास, लोक वाट बगत हुती. कुनीतरी बोलाय पायजे म्हून बोललो. घरी आल्यावर रातभर झोप न्हाई आली. बैल घेतले तवाबी तसंच."

कानिफ काचेच्या पेटीला धरून उभा राहिला. त्याची अशी समजूत होती की काही माणसांना कळतं आणि काहींना कळत नाही, आणि आपण न कळणाऱ्यांतले. ज्याच्या भरवशावर तो पस्तिशीला आला होता, तो माणूसही इतकी वर्षं अंधारातच पाऊल टाकत आला होता, फक्त बोलून दाखवत नव्हता. त्याला भावाचा राग आला, आणि त्याहून जास्त त्याची कीव आली. आपण आयुष्यभर न बोलता या माणसाच्या डोक्यावर केवढं ओझं देत आलो, हे त्याला पहिल्यांदाच उमगलं.

"सालगडी ठेव दादा," तो म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याला वाटलं, हे आपण खरंच बोललो का? परत घ्यावंसंही वाटलं. आसारामनं मान हलवली आणि डोक्यावरचा पटका उगीचच सारखा केला. तेवढ्यात हातिमभाई बाहेर आले, आणि कानिफनं हाताशी जो जवळ होता तो चाकू उचलला. तो साधा, शिसवी मुठीचा निघाला. शनिवार होता, पाडवा होता, दोन भटजींपैकी कोण खरं होतं ते आजवर कुणाला कळलेलं नाही.

दुपारी तो आसारामला माळीवाड्याच्या स्टँडवर पोचवायला गेला. गाडीला गर्दी होती. सणाचे लोक गाठ्यांच्या माळा हातात धरून दारात रेटारेटी करत होते. आसारामला खिडकीजवळ जागा मिळाली. त्यानं हात बाहेर काढून कानिफच्या खांद्यावर ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर तो भाव होता, जो कानिफनं आजवर फक्त आरशात बघितला होता.

"गडी कोन ठेवू?" आसारामनं विचारलं. "दोगंतिगं येऊन गेल्यात. माजं काय ठरंना. तू सांग."

"भिमाजीला ठेव," कानिफ म्हणाला. "बैलावर हात उचलत न्हाई त्यो."

आसाराम बरं म्हणाला. भिमाजीची बायको लेकुरवाळी होती, तेव्हा खोलीला आतून कडी बसवून घे, असंही कानिफनं सांगितलं. जोडीतला सर्जा पाणी प्यायला उशीर लावतो, त्याला घाई करू नको म्हणावं, हेही त्यानं सांगितलं. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी स्टँडाबाहेर वळेपर्यंत कानिफ हात वर करून उभा होता, आणि मग आपल्या खोलीत आता दुसरा माणूस झोपणार, या विचारानं तो शेंगदाणेवाल्याच्या गाड्याआड जाऊन रडला.